नकाशात गुंडाळलेलं वाण

"वाचणाऱ्याला काय, कुणीही पुस्तक देईल. न वाचणाऱ्याला देऊन दाखवा," असं चित्रलेखा एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती गमतीत, लायब्ररीच्या मागच्या चहाच्या खोलीत, मगात बिस्कीट बुडवता बुडवता. पण बोललेलं कधी कधी माणसाच्या पाठीला लागतं. २०१९च्या जानेवारीत हे वाक्य तिच्या असं पाठीला लागलं, की रात्रभर कूस बदलूनही ते खालीच रुतायचं.

चित्रलेखा मूळची कराडची. २००८ साली अकाउंटिंगचं मास्टर्स करायला ॲडलेडला आली, तेव्हा विमानंच्या विमानं भरून मुलं येत होती. कुणी कुकरी शिकायला, कुणी केस कापायला, कुणी हिशेब शिकायला. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळेल ते शिकायचं. हिच्या ओळखीचं इथे कुणी नव्हतं. महाराष्ट्र मंडळाच्या यादीतला एक नंबर तेवढा होता, आणि त्या नंबरावर सरिताताई होत्या. त्या विमानतळावर डब्यात वरणभात घेऊन उभ्या होत्या. "हॉस्टेल बघू नंतर. आधी जेव," म्हणाल्या. चार दिवसांसाठी म्हणून मॉसन लेक्सच्या त्यांच्या घरात, शिवणयंत्राच्या खोलीत गादी पडली, ती चार महिने उचलली गेली नाही. हिशेब चित्रलेखाला कधीच आवडले नाहीत. लायब्ररीत पुस्तकं फडताळावर लावायचं अर्धवेळ काम मिळालं, मग तिथलाच कोर्स केला, आणि तिथेच राहिली. २०१३ला कराडला आई गेली. तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून ती गेलीच नाही. तेरा दिवस सरिताताई रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसल्या. ब्लाउजांना हुक लावत राहिल्या. तेव्हापासून चित्रलेखाला माहेर म्हणजे ते घर.

त्या घरात एक नागमोडी धारेची कात्री होती. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून वापरतात ती. साधी कात्री सरिताताईंना कधी सापडायचीच नाही. कूपन असो, मसाल्याचं पाकीट असो, वर्तमानपत्रातली पाककृती असो, त्या त्याच कात्रीने कापायच्या. त्यामुळे त्यांच्या घरातल्या प्रत्येक कागदाला दाते असत. विलासराव, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणायचे, "लग्नाचं सर्टिफिकेट लपवून ठेवलंय मी, नाहीतर त्यालाही झालर लावेल ही."

आता पुस्तकांचं. चित्रलेखाला एक छंद होता, आणि तो छंद आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाचा वाढदिवस असो, घरभरणी असो, परीक्षेचा निकाल असो, ती पुस्तक द्यायची. आणि निवडून निवडून असं द्यायची, की ज्यात बाई बाईवर जीव लावते, पुरुष पुरुषावर, किंवा जन्मतःच दिलेल्या खोक्यात कुणी मावत नाही. लायब्ररीत अशा पुस्तकांना क्विअर म्हणत आणि पुस्तकाच्या कण्यावर, बांधणीच्या कडेला, छोटी इंद्रधनुषी पट्टी चिकटवत. चित्रलेखा भेटीच्या पुस्तकावर पट्टी लावायची नाही. रद्द झालेल्या जुन्या ॲटलासची पानं ती घरी आणायची आणि त्यात पुस्तक गुंडाळायची. त्यामुळे तिची भेट लांबून ओळखू यायची.

तिचे काही नियम होते. पहिलं पुस्तक रडकं द्यायचं नाही. ज्यात शेवटी दोघांपैकी एक मरतं, ते तर नाहीच. सवय नसलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच खेपेला प्रेत द्यायचं नाही. उपदेश करणारं नको. आणि सगळ्यात मुख्य, त्या माणसाला जे एरवी आवडतं तेच द्यायचं, फक्त त्या घरात राहणारी माणसं वेगळी.

मंडळातल्या विनिताला गोष्टीत खून लागायचा, तोही पहिल्या दहा पानांत. ती रोज सिटीत ट्रेनने जायची आणि जाता-येता एक खून संपवायची. तिला एक डिटेक्टिव्ह बाई दिली, दिवसभर प्रेतं बघून घरी येणारी, आणि घरी तिची बायको जेवण झाकून वाट बघत बसलेली. विनिताने महिन्याने सांगितलं, "खुनी मला आधीच कळला होता गं. पण ती बायको काय सोशिक! मी असते ना, तर दुसऱ्या चॅप्टरला सामान बांधलं असतं." एवढंच. चित्रलेखा त्या दिवशी लायब्ररीतून घरी चालत गेली, बस सोडून, इतकी हलकी.

विलासरावांना क्रिकेट. त्यांना एका खेड्यातल्या क्लबच्या विकेटकीपरने पन्नाशीनंतर लिहिलेलं पुस्तक दिलं. वीस वर्षं क्लबच्या जेवणाला तो एकटाच का जात होता, ते त्यात होतं. विलासराव दोन दिवस बागेत खुर्ची टाकून वाचत बसले. मग म्हणाले, "बिचारा. स्टंपमागे उभा राहून सगळ्यांचं बघायचं, आपलं दाखवायचं नाही." आणि उठून टोमॅटोला पाणी घालायला गेले.

मंडळाच्या सेक्रेटरी शोभाताई ओव्या-अभंगांच्या बाहेर जायच्या नाहीत. त्यांच्यासाठी पुण्याहून एक पातळ कवितासंग्रह मागवला, एका बाईने दुसरीला हाक मारलेला, पानोपानी "सखे" असलेला. शोभाताईंनी तो एकादशीच्या भजनात डोळे मिटून म्हणून दाखवला. "सखी म्हणजे कोण, तर आत्मा!" त्यांनी सांगितलं आणि बायकांनी माना डोलावल्या. चित्रलेखाला हसू आवरेना, मग डोळ्यांतलं पाणी आवरेना. शोभाताईंना वाटलं, हिला भक्तीचा उमाळा आला.

आणि आता पुन्हा शिकायला येणाऱ्या मुलांची लाट आली होती. युनिव्हर्सिटीच्या आसपासची घरं मुलांनी भरली होती, एका खोलीत तिघं-तिघं. त्यांतली जळगावची एक मुलगी रोज त्या पट्टीच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहायची आणि शेजारच्या बागकामाच्या पुस्तकांना हात लावून परत जायची. चित्रलेखाने तिला चित्रांतून सांगितलेली एक बारीकशी गोष्ट दिली, टॅक्सच्या जाडजूड पुस्तकात सहज मावेल एवढी. मुलीने ती परत आणली तेव्हा तिला घरून प्लॅस्टिकचं कव्हर घालून आणलं होतं.

फक्त सरिताताई राहिल्या होत्या. त्या काहीच वाचत नसत. "मला कुठे वेळ?" म्हणायच्या. आणि ज्यांना द्यायचं होतं, त्या त्याच होत्या.

कारण घरी मयूरा होती. मयूरा डोंबिवलीची, वृद्धाश्रमात नर्स. सात वर्षं दोघी एका घरात राहत होत्या. मंडळात त्यांची ओळख "त्या दोघी रूममेट" अशी होती आणि त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं. २०१७ला जेव्हा इथल्या सरकारने पोस्टाने मतं मागवली, बाईने बाईशी लग्न करावं की नाही म्हणून, तेव्हा जेवताना विषय निघाला. सरिताताई कोशिंबीर वाढत म्हणाल्या, "ज्याचं त्याने बघावं बाई. आपल्यात कुठे असतं असलं?" चित्रलेखाने ताटातली कोशिंबीर खाल्ली, पुन्हा मागून घेतली. तिला ती नको होती. पुढच्या सप्टेंबरात दिल्लीत सुप्रीम कोर्टाने असं प्रेम गुन्हा ठरवणारा जुना कायदा मोडीत काढला, त्या दिवशी मयूराने शिरा केला. दोघींनी तो स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ला, पडदे ओढून.

"तू साऱ्या गावाला पुस्तकं वाटतेस," मयूरा म्हणाली, "आणि आपल्या घरावर झाकण ठेवतेस."

"ताईंना सांगणार आहे."

"कधी? त्या तुझं लग्न लावून देतील तेव्हा?"

मयूराची ही थट्टा डिसेंबरात खरी झाली. सरिताताईंना स्थळ सापडलं. यतीन नावाचा, बेचाळीस वर्षांचा, घटस्फोट झालेला, सिडनीला कॅसल हिलमध्ये घर, आयटीत नोकरी. "त्याला शांत बाई हवीय," सरिताताई म्हणाल्या, "आणि तुझ्याइतकी शांत मी दुसरी पाहिली नाही." चित्रलेखा कामाचं, तब्येतीचं, वयाचं काहीबाही बोलली. सरिताताईंनी ते लाजण्यात धरलं. फेब्रुवारीत रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी तो ॲडलेडला येणार, संध्याकाळी सात वाजता त्यांच्या घरी जेवायला, असं ठरूनही गेलं.

तेव्हा तिने पुस्तक शोधायला घेतलं. न वाचणाऱ्या बाईचं पुस्तक. तीन आठवडे शोधलं. शेवटी रद्दीला निघालेल्या ढिगात सापडलं: दोन बायकांनी एका आडगावात चाळीस वर्षं खानावळ चालवली, त्या खानावळीचं. पानोपानी पाककृती, आणि पाककृतींच्या मधे मधे त्या दोघींचं जगणं, कुणी कणीक मळली, कोण कुणावर रुसली, एकीच्या आजारपणात दुसरीने काय शिजवलं. कव्हरवर दोघी ॲप्रन लावून उभ्या. पाककृतींचं पुस्तक म्हणून उघडतील, चित्रलेखाला वाटलं, आणि मग आपोआप आत जातील.

पहिल्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं. चार कागद फाडून मग लिहिलं: "सरिताताई, या दोघींसारख्याच मी आणि मयूरा आहोत. सात वर्षं झाली. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. मला यतीन नको, पण तुमचं घर हवं आहे. चित्रा."

ॲटलासमधल्या एका मीठसरोवराच्या पानात तिने ते गुंडाळलं. नकाशात तो तलाव निळा दाखवतात. प्रत्यक्षात बहुतेक वर्षं तिथे नुसतं पांढरं मीठ असतं. लायब्ररीची तपकिरी कागदी चिकटपट्टी लावली. सरिताताईंकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, जानेवारीच्या एकोणीस तारखेला, तिने ते त्यांच्या हातात दिलं.

"सगळ्या गेल्या की उघडा हं," ती म्हणाली.

"पुस्तकच असणार, दुसरं काय देणार तू!" सरिताताई हसल्या आणि पार्सल शिवणयंत्रावर ठेवून हळद लावायला वळल्या.

मग वाट बघणं सुरू झालं.

रविवारी फोन आला नाही. सोमवारी आला, पण तो इडलीच्या पिठाबद्दल. चित्रलेखाने फोन ठेवल्यावर त्यातला एकेक शब्द परत परत ऐकला. "ठेवते" जरा तुटक होतं का? त्या नेहमी "ठेवते गं" म्हणतात. त्या गुरुवारी ॲडलेड शेहेचाळीस अंशांवर गेलं. डांबर मऊ झालं, झाडांवरून वटवाघळं खाली पडली. लायब्ररीत थंडाव्यासाठी माणसं येऊन बसली होती. चित्रलेखा काउंटरमागे उभी राहून दाराकडे बघत होती, सरिताताई येतील आणि सगळ्यांसमोर काही बोलतील म्हणून. मग, त्या येणारच नाहीत म्हणून. दोन्ही भीती एकाच वेळी होत्या आणि एकमेकींना ढकलत होत्या.

"वाचलं असेल," ती मयूराला म्हणाली. "वाचून गप्प बसल्या असतील."

"किंवा उघडलंच नसेल."

"असं कसं? मी दिलेलं?"

"विचार की मग. तोंड आहे ना तुला?"

विचारायला आणखी सहा दिवस लागले. यतीनच्या जेवणात पुरणपोळी करायची की श्रीखंड, हे विचारायला सरिताताईंचा फोन आला, त्यात तिने हळूच घातलं. "ताई, ते पुस्तक..."

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. ते थांबलं.

"कुठलं गं? हां, ते होय! अगं, रागावू नकोस हं. उघडलंसुद्धा नाही बघ. विनिताकडे हळदीकुंकू होतं, जाताना हातात काही नव्हतं, वाण म्हणून तेच नेलं. तिला वाचायची हौस आहे ना. तू मला दुसरं दे."

यंत्र पुन्हा सुरू झालं.

चित्रलेखाने फोन ठेवला. वाणाचं फिरणं तिला माहीत का नव्हतं? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, ब्लाउजपीस या घरातून त्या घरात फिरत राहतात, कागदही न काढता. एक गाळणी तर तीन वर्षांनी तिच्याकडेच परत आली होती. पुस्तक फिरणार नाही, असं तिने कशावरून धरलं? लोकांच्या आवडीनिवडी ती पुस्तकांच्या कण्यावरून ओळखायची, आणि आपल्याच बायकांची रीत विसरली.

आता ते पान मोकळं सुटलं होतं. तिच्या अक्षरात, तिच्या नावासकट, मयूराच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी ती विनिताच्या दारात उभी राहिली. वाटेत खोटं तयार केलं होतं. "सरिताताईंनी तुला ते नकाशाचं पार्सल दिलं ना? ते लायब्ररीचं निघालं गं. चुकून दिलं गेलं. परत हवंय."

"अय्या!" विनिताने कपाळाला हात लावला. "मला वाटलं पाककृतीबिकृती असेल, दाबून बघितलं तर जाड लागलं. खून असता तर ठेवलं असतं. शोभाताईंना दिलं मी. त्यांच्या पुढच्या शनिवारच्या हळदीकुंकवाला वाण कमी पडत होतं."

"उघडलं नव्हतंस?"

"छे! दंड आहे का काही? मी भरते."

"नो वरीज," चित्रलेखा म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून इतक्या कोरडेपणाने कधी आला नव्हता.

शोभाताईंना विचारायची सोय नव्हती. "चित्रलेखा पुस्तक परत मागते" एवढं कानावर पडलं तरी त्यांनी आधी ते उघडलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे चाळीस घरांत ते पान पोचलं असतं. म्हणजे शनिवारपर्यंत थांबायचं. शनिवारी दुपारी शोभाताईंच्या टोपलीतून ते पार्सल कुणाच्या हातात जाईल, ते बघायचं. आणि त्याच संध्याकाळी यतीन.

"सरळ जाऊन ताईंना सांग," मयूरा म्हणाली. ती ड्यूटीचे बूट घालत होती. "त्यांनी वाचलेलं नाही. पान कुणाच्याही हाती लागायच्या आत तू सांग. मी येते बरोबर."

"नको. तू नको."

मयूराने बुटाची नाडी जरा जास्तच घट्ट ओढली. "बरोबर. मी कशाला? मी रूममेट."

बुधवारी चित्रलेखा सरिताताईंकडे गेली. सरिताताईंनीच बोलावलं होतं. मोरपंखी साडीवरचं ब्लाउज बेतायचं होतं. शिवणयंत्राची खोली तशीच होती. जिथे तिची गादी असायची, तिथे आता कापडांच्या थप्प्या.

"हात वर कर," सरिताताई म्हणाल्या. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. "वाळलीस किती! मयूरा काही खायला घालते की नाही?"

"घालते."

"चांगली मुलगी आहे. तिच्यासाठीही बघायला हवं कुणीतरी. तू गेलीस की एकटी पडेल."

चित्रलेखाने तोंड उघडलं. "ताई, मला तुम्हाला काही..."

"हलू नकोस, टोचेल." सरिताताईंनी तिच्या खांद्यावर टेप धरला. त्यांचा हात गार होता. "हे बघ चित्रा. यतीनलाही त्याचं त्याचं काही असेल. मी विचारलं नाही. माणसाने सगळंच कशाला सांगायचं? ब्लाउजच्या आतून किती जोड असतात. बाहेरून अंगाला नीट बसलं की झालं."

"पण आतून टोचत असेल तर?"

"सवय होते," सरिताताई म्हणाल्या, आणि नागमोडी कात्री उचलून अस्तर कापू लागल्या. कर्र कर्र असा तो आवाज. त्या चार महिन्यांत चित्रलेखा याच आवाजात झोपी जायची. तो ऐकून तिचं अवसान गेलं. ती म्हणाली, "बाही जरा सैल ठेवा." एवढंच म्हणाली.

शनिवारी दुपारी मयूराला ड्यूटी होती. जाताना ती दारात थांबली. "संध्याकाळी मी घरी असेन. तू कुठे असशील ते तू ठरव," म्हणाली. ती चिडलेली नव्हती, आणि तेच चित्रलेखाला जास्त लागलं.

शोभाताईंच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस बायका होत्या. एअरकॉन घरघरत होता, तरी तिळाचे लाडू हाताला चिकटत होते. विनिता मध्येच बसून कुठल्याशा खुनाची गोष्ट सांगत होती. सरिताताई खिडकीजवळ, जरीच्या साडीत. कोपऱ्यात वेताची टोपली, वाणांनी भरलेली: डबे, चाळण्या, अगरबत्तीची स्टँडं. आणि त्यांच्या खाली, डब्यांच्या मधून दिसणारं, मीठसरोवराचं निळं टोक.

चित्रलेखा मुद्दाम टोपलीच्या बाजूला बसली. शोभाताई हळदीकुंकू लावत एकेकीपाशी येत होत्या आणि टोपलीत न बघताच हात घालत होत्या. एक चाळणी गेली. एक डबा गेला. विनिताला अगरबत्तीचं स्टँड. प्रत्येक वेळी हात आत गेला, की चित्रलेखा थोडी पुढे सरकायची. टोपली हलकी होत गेली, तसा निळा रंग जास्त दिसायला लागला.

"चल गं, तुलाही लावते. कुमारिकेला चालतं," शोभाताई तिच्यापुढे आल्या. "आणि पुढच्या वर्षी जोडीने ये! कळलंय मला सगळं."

चित्रलेखाने टोपलीकडे पाहिलं. "काय... काय कळलंय?"

"कॅसल हिल!" शोभाताई डोळे मिचकावत म्हणाल्या. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "मग आता नाव घे उखाण्यात!" आणि त्या हशातच शोभाताईंनी टोपलीत हात घातला आणि हाताला लागलं ते तिच्या ओटीत टाकलं. "हे घे. पुस्तक दिसतंय. तुला पुस्तकच शोभतं."

नकाशा तिच्या मांडीवर होता.

तिने दोन्ही तळहात त्यावर ठेवले. आलं. तीन घरं फिरून आलं, आणि कुणी उघडलं नाही. आता घरी जायचं, पान फाडून टाकायचं, नाहीतर आजच, जेवणाआधीच, ताईंना बाजूला घेऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तिने पार्सल उलटं केलं.

तिची तपकिरी चिकटपट्टी होती. आणि त्या पट्टीवर, नीट जुळवून, दुसरी चकचकीत पट्टी लावलेली होती.

तिने हळूच कागद सोडवला. कव्हरवरच्या दोघी ॲप्रन लावून तशाच उभ्या होत्या. तिने कव्हर उघडलं. कोरं पान नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं, तिथे शिवणीलगत कागदाची बोटभर पट्टी उरली होती, आणि तिच्या कडेला दाते होते. सारखे, बारीक, नागमोडी दाते.

उघडलंसुद्धा नाही बघ, असं फोनवर म्हणाल्या होत्या. यंत्र थांबवून म्हणाल्या होत्या. म्हणजे विनिताकडे नेण्याच्या आधीच वाचलं होतं. म्हणजे श्रीखंड की पुरणपोळी विचारलं तेव्हाही, टाचण्या ओठांत धरून बुधवारी माप घेतलं तेव्हाही.

तिने वर पाहिलं. सरिताताई तिच्याकडेच बघत होत्या. त्या उठल्या, साडी सावरत आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या, आईने मुलीजवळ बसावं तशा अगदी खेटून. बाकीच्यांच्या हसण्याच्या आड, खाली बघत, हळू आवाजात बोलल्या.

"पान माझ्याकडे आहे. देवघरातल्या डब्यात ठेवलंय, कुणाला दिसायचं नाही. पुस्तक घरात ठेवायचा धीर झाला नाही बाई." त्यांनी चित्रलेखाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं असतं म्हणजे? इतकं तरी केलं मी तुझ्यासाठी. आता तूही थोडं कर. सात वाजता ये. ब्लाउज झालंय. बाही सैल ठेवलीय."

पलीकडून शोभाताई ओरडल्या, "काय गं मायलेकींची कुजबुज? आम्हालाही कळू दे की!"

"ब्लाउजचं गं," सरिताताई मोठ्याने म्हणाल्या आणि हसल्या.

चित्रलेखाने त्यांचा हात आपल्या गुडघ्यावरून उचलला आणि त्यांच्याच मांडीवर ठेवला, जपून, काचेची वस्तू ठेवावी तसा. नकाशाचा कागद घडी करून तिळगुळाच्या ताटलीखाली सरकवला. पुस्तक छातीशी धरलं, कव्हर बाहेरच्या बाजूला, ॲप्रन लावलेल्या दोघी सगळ्यांना दिसतील असं, आणि ती उठली. विनिताने विचारलं, "अगं, निघालीस? कुठलं निघालं पुस्तक?" शोभाताईंनी हाक मारली. सरिताताईंनी मारली नाही. दाराशी चपलांचा ढीग होता. त्यातून तिने आपल्या दोन शोधल्या, पायात सरकवल्या, आणि उन्हात निघून गेली.